औंढा ते केदारनाथ : सॅक कशी भरावी?

महाशिवरात्रीला औंढा नागनाथाच्या दारी दर्शनाची रांग लागलेली असते, त्याच दिवशी तिकडे उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात केदारनाथाचे दार यंदा कधी उघडणार, ती तारीख जाहीर होते. अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे दार उघडते आणि भाऊबीजेला बंद होते. तारीख कळली की आपल्याकडेही बेत सुरू होतात. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक हिंगोली जिल्ह्यातच असल्यामुळे उरलेली पाहण्याची ओढ इथल्या माणसाला असतेच. शिवाय नरसीच्या नामदेवांनी पंजाबापर्यंत वाट तुडवलेली, त्यामुळे उत्तरेची यात्रा आपल्याला परकी वाटत नाही.

नोंदणी होते, रेल्वेची तिकिटे निघतात, गाडी ठरते. सामानाचा विचार मात्र बहुतेक घरांत निघायच्या आदल्या रात्री होतो, आणि लग्नाला जाताना भरावी तशी बॅग भरली जाते. डोंगरावर हाल होतात ते इथेच ठरतात. म्हणून हा लेख वाचून झाल्यावर निदान एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : डोंगरात थंडीपेक्षा ओल जास्त घातक असते. कोरडा माणूस थंडी सोसतो, ओला माणूस सोसू शकत नाही. पुढे जे सांगितले आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती आहे.

उंचीचा हिशेब

हिंगोली समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. उंची दर हजार मीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे नुसत्या उंचीनेच वीस अंशांचा फरक पडतो. त्यात रात्र, वारा आणि पाऊस मिळवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असतो, तेव्हा केदारनाथला रात्री तो शून्याच्या आसपास जातो. दिवाळीच्या सुमारास तर शून्याच्याही खाली.

गौरीकुंडापासून मंदिरापर्यंत साधारण सोळा किलोमीटर पायी जावे लागते. जंगलचट्टी, भीमबली, लिंचोली असे टप्पे घेत एवढ्या अंतरात सोळाशे मीटर चढायचे असते. कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. जवळपास तेवढी उंची इथे एका दमात गाठायची. सकाळी खाली ऊन असते, अंगाला घाम फुटतो. दुपारी ढग येतात, पाऊस किंवा गारा पडतात. संध्याकाळी वर पोहोचेपर्यंत दात वाजायला लागतात. एकाच दिवसात तीन ऋतू अंगावर घ्यायचे आहेत, हे ध्यानात ठेवून कपडे निवडायचे.

सुती कपडा इथे नको

आपला जिल्हा काळ्या मातीचा आणि कापसाचा. सुती बनियन, सुती सदरा, सुती लुगडे, वर पंचा हा आपल्या उन्हाळ्यातला शहाणपणाचा पोशाख आहे. सुती धागा घाम पितो, बराच वेळ ओला राहतो आणि अंग गार करतो. हिंगोलीच्या मे महिन्यात हा गुण आहे, केदारनाथच्या वाटेवर हाच धोका आहे. पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते. घामाने भिजलेला बनियन आणि त्यावर डोंगरवारा, एवढ्याने शरीराचे तापमान उतरू लागते. त्यासाठी बर्फच पडायला हवा असे नाही; पाऊस आणि वारा असला तर शून्याच्या वर पाच-सात अंशांतही माणूस गारठून जातो.

जीन्स तर घरीच ठेवा. ती भिजली की जड होते, मांड्यांना घासते आणि दोन दिवस वाळत नाही.

तीन थर

एक जाडजूड जॅकेट घेण्यापेक्षा तीन वेगळे थर घ्या. प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

आतला थर घाम बाहेर काढून देणारा हवा. यासाठी महाग काही आणायची गरज नाही. गावातल्या कबड्डी किंवा क्रिकेट संघाची पॉलिएस्टरची जर्सी याला उत्तम चालते. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे तासाभरात वाळते. चालायला असे दोन शर्ट पुरतात. रात्रीसाठी थर्मलचा एक जोड वेगळा ठेवा.

मधला थर ऊब धरून ठेवणारा. लोकरी स्वेटर किंवा फ्लीसचे जॅकेट. एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ घ्या. दोहोंच्या मध्ये अडकलेली हवाच ऊब देते, आणि गरम झाले तर एक काढता येतो. लोकर ओली झाली तरी काही ऊब राखून असते, म्हणून तर दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी पांघरून धनगर पावसाळ्यात रानात राहू शकतो. पण घोंगडी भिजली की फार जड होते. ती पाठीवर घेऊन चढ चढू नका. घोंगडीचा गुण स्वेटरच्या रूपाने न्या.

बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवणारा. रेनकोट वरचा आणि खालचा, दोन्ही भाग असलेला घ्या. दुचाकीवर वापरतो तो जाड रेनकोट चालेल. फक्त शिवणींतून पाणी आत येत नाही ना, ते घरी बादलीभर पाणी ओतून पाहा. वाटेवर मिळणारे पातळ प्लॅस्टिकचे रेनकोट वाऱ्यात तासाभरात फाटतात आणि त्यांच्या चिंध्या डोंगरावर पडून राहतात. छत्रीचा भरवसा धरू नका. वाऱ्यात ती उलटी होते, आणि एक हात काठीसाठी मोकळा हवा.

थर कधी काढायचे हेही शिकून घ्या. चढायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापते. सगळे स्वेटर चढवून निघालात तर आतून घामाने भिजाल. थांबलात की मात्र दोन मिनिटांच्या आत मधला थर अंगात घाला. गारठा थांबल्यावर शिरतो. चहाच्या टपरीवर आधी स्वेटर, मग चहा.

आई-वडिलांचा पोशाख

यात्रेला जाणाऱ्यांत साठी ओलांडलेले पुष्कळ असतात. त्यांना आयुष्यभराचा पोशाख सोडायला लावणे कठीण जाते, आणि त्याची गरजही नाही. आईच्या साडीच्या आत लोकरी किंवा थर्मलची लांब विजार आणि वर लांब बाह्यांचा थर्मल घाला. चढाच्या दिवशी सुती लुगड्याऐवजी सिंथेटिक साडी नेसवा. ती हलकी असते आणि लवकर वाळते. साडी घोट्याच्या वर राहील अशी नेसायची, म्हणजे काठ चिखलात भिजत नाही आणि पायात येत नाही. तयार असतील तर सलवार-कमीज सर्वांत सोयीची. धोतर नेसणाऱ्या वडिलांनाही आत थर्मल विजार द्या, किंवा चालण्यापुरती ट्रॅकपॅन्ट. दर्शनाला नेसायचे धोतर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे न्या, वर गेल्यावर बदला.

म्हातारी माणसे थंडी वाजते हे लवकर सांगत नाहीत. हात थरथरणे, बोलणे अडखळणे, गप्प गप्प होणे ही अंग गारठल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी आडोशाला नेऊन ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, डोके झाका आणि शुद्धीवर असतील तर गरम व गोड काही प्यायला द्या.

पाय

यात्रा मोडण्याची सर्वांत साधी कारणे पायात असतात. नवे बूट घालून निघू नका. निघण्याआधी किमान तीन आठवडे ते रोज घालून चाला. बूट दुपारी किंवा संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. जाड मोजे घालून बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे. नाहीतर उतरताना नखे बुटावर आपटून काळी पडतात. तळवा खाचांचा हवा. गुळगुळीत झालेले जुने बूट ओल्या दगडावर घसरतात. चप्पल फक्त मुक्कामावर वापरायची.

मोज्यांचे तीन जोड घ्या : दोन चालायला, एक फक्त झोपायला. झोपायचा जोड काही झाले तरी बुटात घालायचा नाही. टाच किंवा बोट चुरचुरू लागले की पुढच्या थांब्याची वाट न पाहता तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड येण्याआधीची पाच मिनिटे पुढचे दोन दिवस वाचवतात. फोड फुटलाच तर त्यावर हळद दाबू नका. वसमतची हळद कितीही गुणाची असली तरी उघड्या जखमेसाठी स्वच्छ पाणी आणि निर्जंतुक पट्टीच बरी. निघण्याआधी नखे कापा.

डोके, हात, डोळे

कानटोपी, लोकरी हातमोजे आणि मफलर यांचे वजन नगण्य असते, उपयोग मात्र मोठा. हातमोज्यांवर चढवायला प्लॅस्टिकचे मोजे ठेवा, म्हणजे पावसात बोटे बधिर होत नाहीत. उंचीवर ऊन थंड वाटते पण जास्त भाजते. हजार मीटरमागे अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. काळा चष्मा, कडेची टोपी, सनक्रीम आणि ओठांना व्हॅसलीन लागतेच. विजेरी कपाळावर बांधायची घ्या, हात मोकळे राहतात. थंडीत मोबाईलची बॅटरी भराभर उतरते, तो आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा आणि पॉवरबँक सोबत असू द्या.

सॅक भरण्याची रीत

प्रत्येकाच्या दोन पिशव्या करा. मोठी बॅग गुप्तकाशीला किंवा सोनप्रयागला, जिथे मुक्काम असेल तिथे राहील. तिच्यात प्रवासाचे सुती कपडे, परतीचे कपडे, जास्तीचे सामान. खासगी गाड्या सोनप्रयागलाच थांबतात आणि गौरीकुंडापर्यंत स्थानिक जीपने जावे लागते, हे लक्षात घेऊन ही वाटणी आदल्या मुक्कामावरच करा. वर जाईल ती फक्त पाठीवरची लहान सॅक. पाण्यासह तिचे वजन सहा-सात किलोंच्या वर जाऊ देऊ नका. साठीच्या पुढच्यांसाठी तीन-चार किलो पुरे. एका खांद्याची पिशवी, सुटकेस किंवा हातात धरायचे गाठोडे चढावर चालत नाही. दोन्ही खांद्यांचे पट्टे आणि कमरेला पट्टा असलेली सॅक हवी. पट्टा आवळला की बरेचसे ओझे खांद्यांवरून कमरेवर उतरते.

सॅकवर टाकायचे कव्हर पुरेसे नसते, पाठीकडून पाणी आत येतेच. खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन आपण पावसात निंदण-खुरपण करतो, तीच युक्ती सॅकच्या आतून करा. जाड, स्वच्छ, नवी प्लॅस्टिकची मोठी पिशवी सॅकमध्ये अस्तरासारखी बसवा आणि सगळे सामान तिच्यात भरून तोंड पिळून बांधा. खतासाठी किंवा औषधासाठी वापरलेली पिशवी मात्र नको.

तळाशी रात्रीचा कोरडा जोड : थर्मल, मोजे, कानटोपी. हा वेगळ्या पिशवीत बांधा. सगळ्या सामानाचा प्राण हाच आहे. सकाळी कितीही नकोसे वाटले तरी कालचे दमट कपडे घालूनच चालायला लागायचे, आणि हा जोड मुक्कामासाठी कोरडा राखायचा. मध्ये, पाठीला लागून, जड वस्तू. सर्वांत वर रेनकोट, कारण पाऊस आल्यावर सॅक उपसत बसायला वेळ नसतो. बाजूच्या खिशात पाणी, पुढच्या खिशात खाऊ आणि चिकटपट्टी. आधार कार्ड, यात्रेच्या नोंदणीचा कागद, रोख पैसे आणि घरच्यांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या लहान पिशवीत, अंगावरच्या खिशात.

वाकळ, गोधडी, उशी नेऊ नका. वर मुक्कामाला रजया मिळतात. अंगालगत घ्यायला एक पातळ चादर पुरते. आणि कितीही थंडी असली तरी बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्या वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

खाऊ आणि औषधे

दशम्या आणि धपाटे पहिल्या दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासासाठी ठीक. चढाच्या दिवशी गूळ-शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याची वडी, खजूर असे घ्या की चालता चालता मूठभर तोंडात टाकता येईल. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी पिणे राहून जाते. थोडे थोडे पीत राहा, सोबत जलसंजीवनीची पाकिटे असू द्या.

रक्तदाब, मधुमेह, दमा यांची औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीची घ्या आणि ती मोठ्या बॅगेत कधीही ठेवू नका. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, तरुणालाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, झोप न लागणे ही त्याची सुरुवात. असे वाटले तर आणखी वर चढू नका, वाटेवरच्या वैद्यकीय मदत केंद्रात दाखवा. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात भ्रम दिसला तर लगेच खाली उतरवा. खाली उतरणे हाच यावरचा खरा उपाय आहे. उंचीची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका. चढायच्या आदल्या रात्री गुप्तकाशी-सोनप्रयाग परिसरात मुक्काम केला तर शरीराला थोडी सवय होते.

घोड्यावरून किंवा हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांसाठी

घोड्यावर बसलेला माणूस चालणाऱ्यापेक्षा जास्त गारठतो, कारण त्याचे अंग तापत नाही. त्याने पहिल्यापासूनच मधला थर, रेनकोट आणि हातमोजे घालून बसावे. पालखी आणि कंडीचेही तसेच. सामान वेगळ्या घोड्यावर किंवा पिठ्ठूकडे दिले तरी रेनकोट, स्वेटर, औषधे आणि पाणी स्वतःजवळच ठेवा. गर्दीत माणूस आणि सामान यांची ताटातूट काही तासांची होऊ शकते. हेलिकॉप्टरमध्ये सामानाला कडक मर्यादा असते. आणि हवामान बिघडले की उड्डाण थांबते, म्हणून एका मुक्कामापुरते गरम कपडे जवळ हवेतच. पंधरा मिनिटांत दर्शन घेऊन परत येऊ, या हिशेबाने पातळ कपड्यांत वर जाऊ नका. १६ आणि १७ जून २०१३ च्या प्रलयाने या खोऱ्यातले हवामान किती झटकन फिरते ते सगळ्या देशाने पाहिले आहे.

आधी घराजवळ तालीम

पंढरीची पायी वारी केलेल्यांना वाटते की चालण्याची सवय आहेच. सवय खरी, पण वारी बरीचशी सपाटीची असते आणि दिंडीचे सामान ट्रकमधून जाते. इथे चढ आहे आणि ओझे पाठीवर आहे. म्हणून निघण्याआधी महिनाभर, भरलेली सॅक पाठीवर घेऊन आठवड्यातून तीन-चार दिवस चाला. औंढ्याच्या आणि कळमनुरीच्या बाजूला चढउताराच्या टेकड्या आहेत. एखाद्या रविवारी माहूरला जाऊन रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूयामाता असे सगळे चढ त्याच बुटांनी, त्याच सॅकसह करा. कुठला पट्टा रुततो, बूट कुठे घासतो, कोणती वस्तू विनाकारण उचलली, सगळे तिथेच कळेल, आणि तिथून घरी परत येता येते.

हीच सॅक पावसाळ्यात कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगडालाही चालते. तिथे विरळ हवेचा त्रास नाही, म्हणून स्वेटर एक पुरे. पण निसरड्या कातळासाठी बूट आणखी चांगले हवेत आणि कोरडा जोड तितकाच जरुरीचा. सह्याद्रीत उन्हाळ्यात जाणार असाल तर स्वेटरच्या जागी पाणी भरा, माणशी निदान तीन-चार लिटर.

निघण्याआधी एकदा तपासा

पाठीवरच्या सॅकसाठी : पॉलिएस्टर शर्ट दोन (एक अंगावर), लवकर वाळणारी पॅन्ट दोन (एक अंगावर), थर्मल जोड एक, पातळ स्वेटर किंवा फ्लीस दोन, रेनकोट वरचा-खालचा, मोजे तीन जोड, कानटोपी, मफलर, हातमोजे, काळा चष्मा, विजेरी, पाण्याची बाटली, खाऊ, औषधे, चिकटपट्टी, पॉवरबँक, पातळ चादर, कागदपत्रे, कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. काठी गौरीकुंडला मिळते.

यातले निम्मे सामान तुमच्या घरात आजही आहे. उरलेले गावातल्या, भावकीतल्या एखाद्या जाऊन आलेल्याकडून मागून घ्या. पैसा खर्चायचाच असेल तर आधी बुटांवर आणि रेनकोटवर खर्च करा. निघण्याच्या आठ दिवस आधी सोबतच्या सगळ्यांना एका अंगणात बोलवा, प्रत्येकाची सॅक उघडून पाहा, आणि सर्वांत आधी थकल्या माणसांची पाहा. ज्याच्याकडे कोरडा जोड आणि धड रेनकोट नाही, त्याची सोय झाल्याशिवाय कोणीही निघू नका.